गुंडप्पाचं वजन

नवी दिल्ली
५ ऑक्टोबर २०२५

ती. सोजरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. रविवारी मी फोनवर तीनदा ओरडून विचारलं आणि तू तीनदा हो हो म्हणत पावसापाण्याची चौकशी केलीस. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी काकूंना मात्र सगळं कळलं. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, आत्या कधी येणार म्हणून. तेव्हा आपली दोघींची पत्रंच बरी.

तर ऐक, म्हणजे वाच. डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरच्या मध्याची तारीख दिली आहे. पृथ्वीराजच्या आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना आमचा जिना चढवत नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हापासून माझ्या वेण्या, माझे ताप, माझी दहावी, माझं लग्न, सगळं तूच निभावलंस. त्यामुळे बाळंतपणाला कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. पृथ्वीराजला पडला होता, त्याला मी गप्प केलं.

तू नोव्हेंबरअखेर ये आणि चांगली तीन महिने राहा. इथल्या थंडीला भिऊ नकोस, हीटर घेतलाय. हो म्हणून लगेच कळव. माझ्यावरची माया आहे तशीच ठेव आणि या खेपेला ती घेऊन इकडे ये.

तुझी,
ऋतुजा


सोलापूर
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. ऋतुजास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी मी वाचलं, मंग संगप्पाच्या दुकानात जाऊन मायाक्काला वाचून दाखवलं. संगप्पा साखर तोलता तोलता ऐकत होता, त्यानं गिऱ्हाइकाला पावशेर जास्तच घातली. नवराबायको दोघंबी म्हणाले, आत्या, जायलाच पायजे. पण पोरी, मला काय जमायचं न्हाय.

एक तर गुंडप्पाला कुटं ठेवू? ते बँकेतले साहेब बदली झाल्यावर आपल्या ह्या कुत्र्याला गल्लीत सोडून गेले, तवापासनं तो माज्याशिवाय कुणाच्या दारात जेवत न्हाय. जेवतो म्हणा, पण झोपायला घरीच येतो. पाण्याची टाकी धुवायची हाय, चटणीला शेंगा आणायच्या हायत.

आता खरं सांगते. टाकी काय, धुवून हुईल. माजे कान पार गेलेत. तू पाठवलेलं मशीन घातलं की कानात ताटल्या पडल्यागत हुतंय, म्हणून ते डब्यात ठेवलंय. हितं माजं चालतं ते गुंडप्पाच्या जिवावर. कुकर शिटी मारला की तो माजा पदर ओढतो, दार वाजलं की ओढतो. दिल्लीत मला कोण सांगणार? तू दमून झोपलेली, जावईबापू हापिसात, आन् बाळ रडलं तर? लेकरू रडून रडून निळं पडायचं आन् मी पाठमोरी बसून लसूण सोलत असायची. ह्याची मला भीती वाटते, लई भीती वाटते. माज्या हातनं तसं काय झालं तर तुला तोंड दाखवायची न्हाय मी.

तवा एखादी धडधाकट बाई बघा. राग मानू नगंस. लोभ कमी करू नगंस.

तुजी,
सोजरआत्या


नवी दिल्ली
२४ ऑक्टोबर २०२५

ती. सोजरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग पृथ्वीराजला वाचायला दिलं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि सरळ लॅपटॉप उघडला. दिवाळीच्या फराळाची ताटं तशीच राहिली. दोन तास खटपट करून त्यानं शोधून काढलं ते असं, की गुंडप्पालाच आण.

विमानानं आण. चेष्टा नाही. लहान कुत्र्याला आत, आपल्याजवळ बसवून नेता येतं अशी विमानं आहेत. पुण्याहून थेट दिल्लीचं मिळतंय. जाळीच्या खिडक्यांची एक मऊ बॅग असते, तिच्यात त्यानं बसायचं आणि बॅग आपल्या पायाशी, पुढच्या सीटखाली ठेवायची. विमानात त्याला बाहेर काढायचं नाही. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला आणि लसीचे कागद लागतील. बॅग मी कुरियरनं पाठवली आहे. ती आतापासून घरात उघडी टाक, म्हणजे त्याला तिची सवय होईल.

आता मुख्य गोष्ट. बॅगेसकट त्याचं वजन सात किलोच्या वर गेलं तर त्याला आत घेत नाहीत. त्याला आजच तोल. भाकरीच्या पापुद्र्याला तूप लावून तू त्याला भरवतेस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. दिवाळीत फोटो पाठवलास त्यात मला आधी वाटलं, उशी आहे.

दुसरी बाई मी बघणार नाही. मला बाई नको आहे, तू हवी आहेस. गुंडप्पा बारीक झाला तर तू येणार, नाही झाला तर नाही, इतकं ते सरळ आहे. माझा आणि माझ्या बाळाचा जीव आता त्याच्या पोटात अडकलाय. लोभ आहे म्हणूनच हक्कानं लिहिते आहे.

तुझी,
ऋतुजा


सोलापूर
८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बॅग आली. लई देखणी हाय, तिच्यात मीच बसावं असं वाटलं. गुंडप्पाला संगप्पाच्या दुकानातल्या काट्यावर बसवलं. निस्ता गुंडप्पाच सात किलोच्या वर भरला, बॅग तर लांबच राहिली. संगप्पानं काटा दोनदा पुसला, तरी तेच.

त्या दिवसापासनं तूप बंद, पेढा बंद. सकाळी थोडी भाकरी ताकात, सांजच्याला थोडा भात. तळ्यापातुर फिरवून आणते, येताना सिद्धरामेश्वराला हात जोडून सांगते की बाबा, ह्याला जरा वाळव. रोज दुकानात तोलायचं. आठ दिवसांनी बघते तर वजन वाढलेलं. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. जीव तोडून उपाशी ठेवावं आन् त्यानं फुगावं, असं कसं?

उलगडा मायाक्कानं केला. गुंडप्पा काट्यावर गप बसावा म्हणून संगप्पा त्याला रोज एक खारी देत हुता. तोलून झालं की शाबासकीची आणखी एक. मी कागदावर आकडा लिहून घ्यायच्या नादात हुते, मला काय दिसलं न्हाय. मायाक्कानं नवऱ्याला कानडीत असं काय सुनावलं की मला ऐकू न येतासुदिक सगळं समजलं. आता तोलायचं काम तिच्याकडं हाय, आन् खारीची बरणी वरच्या फळीवर.

गल्लीलाबी सांगून टाकलंय. शेजारचा हारून बिर्याणीचं हाडूक द्यायचा, त्यानं कानाला हात लावला. म्हणला, सोजरखाला, बाळ येईपातुर गुंडप्पाचा रोजा. बॅगेची सवय मातुर झटक्यात झाली. ती चुलीपाशी टाकली तर तो तिच्यात जाऊन झोपला, आता बाहेर निघायचं नाव घेईना. रिक्षात पायाशी बॅग ठेवून सात रस्ता चौकापातुर नेऊन बघितलं, खड्ड्यात रिक्षा आदळली तरी बाबा गाढ झोपलेला.

वजन उतराय लागलंय. मी मनात आशा धरलीय, पण अजून तिकीट काढू नगा. तुज्या पायाला सूज हाय का ते लिही. माया हाय तशीच राहू दे.

तुजी,
सोजरआत्या


नवी दिल्ली
१७ नोव्हेंबर २०२५

ती. सोजरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिकीट काढलं. पायाला सूज आहे आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, तारखेच्या आधीही होऊ शकेल. मला आता थांबवत नाही. अठ्ठावीस तारखेचं, पुण्याहून दुपारचं विमान आहे. संगप्पामामा पुण्यापर्यंत गाडीनं सोडतो म्हणाले, पृथ्वीराजनं त्यांच्याशी बोलून घेतलंय. तुला ऐकू येत नाही हे तिकिटावर नोंदवलंय, तिथली माणसं हाताला धरून नेतील.

एकच विनवणी. त्या बॅगेत गुंडप्पा आणि त्याचं फडकं, याशिवाय काहीही घालू नकोस. तुझा स्वभाव मी ओळखते. काउंटरवर बॅग तोलतात, आणि तिथे तुला कुणी ओळखीचं नाही. माझी भीती थोडी तुझ्याकडे ठेव आणि तुझा लोभ माझ्याकडे पाठव.

वाट बघणारी,
ऋतुजा


नवी दिल्ली
२६ डिसेंबर २०२५

चि. सौ. मायाक्कास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगी झाल्याचं फोनवर कळलंच असंल. पण बाकीचं कुणी सांगितलं नसणार, म्हणून सवडीनं लिहिते. संगप्पानं पुण्यात विमानतळाच्या दारात सोडलं तितनंच सुरू करते.

काउंटरवरच्या पोरीनं गुंडप्पाची बॅग काट्यावर ठेवली आन् मान हलवली. बघते तर आकडा सातच्या वर. मला वाटलं, संपलं, आता हितनंच माघारी. पोरीनं बॅगेच्या बाजूचा खिसा उघडला आन् डिंकाच्या लाडवाचा डबा बाहेर काढला. तो मीच घातला हुता गं. ऋतुजानं बजावलं हुतं, पण बाळंतिणीचे लाडू मोठ्या बॅगेतनं परक्या माणसांनी आपटत न्यावेत, हे मला पटंना. आन् मला वाटलं, गुंडप्पानं एवढं उपाशी राहून वजन कमी केलंय, ती जागा मोकळी कशाला सोडायची? तेवढ्यात लाडू बसतील.

पोरीनं डबा बाजूला ठेवून परत तोललं. बसलं की वजन, अगदी काठावर. मी तिच्या तोंडाकडं बघत हुते, तिनं हसून चिठ्ठी लिहिली की डबा तुमच्या हातातल्या पिशवीत घाला. मी पिशवीतनं दुपटी काढून अंगाला गुंडाळली आन् डबा आत बसवला. तिला दोन लाडू दिले, घ्यायला तयार न्हवती, पण मला तिचं न्हाय म्हणणं कुटं ऐकू येतंय?

तपासणीत बॅग यंत्रातनं गेली, आन् गुंडप्पा माज्या खांद्यावरनं. पुढं दोन तास पायाशी झोपलेला. विमान वर चढताना शेजारच्या बाईनं डोळे गच्च मिटले, तिचा हात मीच धरला. मला आवाजच ऐकू येत न्हाय, तवा मला कसली भीती? खिडकीतनं ढग बघत आले. दिल्लीत ऋतुजा भलं मोठं पोट घेऊन उभी हुती. आधी माज्या गळ्यात पडली, मंग बॅगेच्या.

बाळ नऊ तारखेला झालं. नाक आमच्या घरचं, रंग जावईबापूंचा. तिला घरी आणल्यापासनं मी गुंडप्पाला एकच शिकवत हुते, पाळण्याकडं बघ, रडली की पदर ओढ. तोबी मान वाकडी करून ऐकायचा. पण हितल्या हीटरची त्याला लई गोडी लागलीय.

परवा दुपारी ऋतुजा न्हाणीघरात हुती. मी बाळाला शेजारी घेऊन आडवी झाले, तिच्या पोटावर हात ठेवला आन् माजा डोळा लागला. एकदम तळहाताखाली तिचं पोट आकसलं, थरथराय लागलं. मी डोळे उघडले तवा तिचं तोंड नुकतं उघडत हुतं. उचलली, खांद्यावर घेतली, पाठ थोपटली. ऋतुजा ओल्या केसानं पळत आली, तवर पोरगी शांत. ती दारात उभी राहून बघत राहिली, मंग खाली बसून रडाय लागली. मीबी रडले. दोन महिने मला काळजी पडली हुती की मला कोण सांगणार. मायाक्का, मला कुणी सांगावंच लागलं न्हाय. माज्या हाताला समदं ऐकू येतंय.

गुंडप्पा तवर हीटरपाशी चारी पाय वर करून घोरत हुता. मीच जाऊन त्याची शेपटी ओढली आन् त्याला सांगितलं, ऊठ बाबा, बाळ रडतंय.

संगप्पाला आशीर्वाद सांग. माया अशीच राहू दे, मी उन्हाळ्याआधी यायची न्हाय.

तुजी,
सोजरआत्या