ग्यानबाची पेशी

चि. धम्मदीपाले मोठेबाबाचा जयभीम. तुही तब्येत बरी असन, नागपुरातलं मेसचं जेवण गोड लागत असन (नसन लागत त मोठी आई तिखट पाठवून राह्यली). मह्या गुडघ्याचं विचारू नको, तो मह्या आधी म्हातारा झाला.

फोनवर सारं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. आपला शेजारी ग्यानबा, त्यानं शेततळ्यात फवारणीचा पंप धुतला. गावची जनावरं तिथंच पाणी पेतात. पाणी बाधलं का नाही हे पाहाची आपली जुनी रीत तुले माहीत हाय: टोपल्यात मासे सोडून टोपलं पाण्यात ठेवाचं, अन् सकाळी मेले का पाहाचं. ते काम मह्यावर आलं. मंगरूळपीरहून बादलीत रोहूची पिल्लं आणली. (बस आदळली तसं एक पिल्लू कंडक्टरच्या मांडीवर गेलं. त्यानं त्याचंही तिकीट मागतलं.) घरी मोठी आईनं बादली हौदात रिकामी केली अन् म्हणाली, "पाहाचंच असन त आधी तुमी उतरा तळ्यात." म्हणून तुले फोन लावला.

तू म्हणाली, यासाठी आता जिवंत मासा मारायची गरज नाही. माशाच्या कल्ल्याच्या पेशी तुमच्या प्रयोगशाळेत वाढवतात, त्यायच्यावर ते पाणी टाकतात, जगल्या का मेल्या ते रंगावरून समजते. मले पटलं. पाण्याची बाटली तुह्याकडं पाठवली अन् चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, का पाण्याचा निकाल नागपूरले माशाच्या पेशीवर लागन. ग्यानबाले वाटलं, मासे कोर्टात गेले अन् तारखेले पेशी त्याची हाय. तो चहा तसाच ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी पाहतो त पंप धुतलेलं पाणी आपल्याच वावरात फवारून राह्यला, अन् गावच्या जनावरायले आपल्या विहिरीचं पाणी पाजून राह्यला. मी म्हटलं, "काहून गा?" त म्हणे, "साहेबापुढं सांगता आलं पाहिजे, का माणूस नंतर तरी सुधरला."

तुहा निकाल काल समजला. पहिल्या बाटलीत पेशी मेल्या, पाऊस झाल्यावर पाठवलेल्या दुसऱ्या बाटलीत जगल्या. ऐकून मोठी आईनं डोळे पुसले (पेशीसाठी कोणी रडलेलं मी पहिल्यांदा पाह्यलं). तू बजावलं तसं, जनावरायसाठी पाणी वेगळं तपासून होईलोक ग्यानबाची विहीरच चालू हाय. पण तळं सावरून राह्यलं, हे काय कमी हाय.

तुहा मोठेबाबा,
पुंजाजी

ता. क. ग्यानबाले पेशीचा खरा अर्थ सांगाचं राहूनच गेलं.

आणखी ता. क. तो नवं धोतर नेसून आज नागपूरच्या गाडीनं निघून राह्यला. साक्षीदार म्हणून मोठी आई संगं हाय (तिले त्या पेशी पाहाच्या हायेत), अन् हे पत्र तिनंच तुह्या हाती देल्लं असन. पोरी, काम एवढंच: तुहा तो पांढरा कोट घालून साहेबासारखी समोर ये अन् त्याले सोडून दे. पण फुकट सोडू नको. पंप तळ्यावर न्यायचा नाही, अशी अट घालूनच सोड.