ऑइल फिल्टरचं काळं झाकण

३ फेब्रुवारी
आज गाडीचं बॉनेट उघडलं आणि डोकंच फिरलं. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवर झाकण आहे ते प्लास्टिकचं! इंजिनात प्लास्टिक? चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जन्मभर कॉम्प्रेसर खोलले मी, फिल्टरचं हाउसिंग बिडाचंच पाहिलं. हातोडा मारला तर हातोडा फुटायचा.

ऑइल बदललं वीरेंद्रनं. तुमसरला त्याचं गॅरेज. आमच्या पोरीसाठी, रुपासाठी हाच मुलगा बघितलाय, पुढल्या आठवड्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. त्याचा हात कसा आहे ते पाहावं म्हणून मुद्दाम त्याच्याकडे गाडी दिली. पाहिला हात! लोखंडी झाकण काढून ठेवलं असणार आणि हे चिकटवलं. मी आधी कधी आत पाहिलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

बायको, मंदाबाई, म्हणाली, "तुमाले त देवाचाबी भरोसा नाई."

४ फेब्रुवारी
पाना घेतला, त्यात लांब पाइप घातला आणि झाकण आवळून पाहिलं. खाणीत असंच करायचो. चांगलं फिरलं! म्हणजे ढिलंच सोडलं होतं. मी मनासारखं घट्ट केलं. आणि पुढं माझ्या पोरीला बसवून हा वीरेंद्रच गाडी हाकणार!

६ फेब्रुवारी
अंगणात गाडीखाली तेल सांडलंय. मी काय म्हणत होतो?

सोयरीक जुळवणाऱ्या बाबुलालला फोन केला, साक्षगंध थांबव म्हटलं. रुपानं ऐकलं. "बाबा, त्याले इचारून त पाहा आधी." विचारून काय? चोर कधी हो म्हणतो?

७ फेब्रुवारी
हो म्हणाला!

वीरेंद्र स्वतः आला. झाकण खोललं, उजेडात धरलं. बारीक तडा गेलेला. कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "माह्याच हातून जास्त कसल्या गेलं, काका." नवं झाकण बसवलं, चहाही न घेता गेला. नवंही प्लास्टिकचंच!

इतक्या लवकर कोणी चूक कबूल करतं का? कुठंतरी पाणी मुरतंय. फुटकं झाकण मी ठेवून घेतलं, पुरावा म्हणून.

९ फेब्रुवारी
रुपा बोलत नाही.

१० फेब्रुवारी
भंडाऱ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. फुटकं झाकण टेबलावर ठेवलं आणि विचारलं, लोखंडी कुठं गेलं? तिथल्या साहेबानं तिथंच उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं. तेच काळं झाकण. "या मॉडेलले कंपनीतूनच असं येते, काका."

मी म्हटलं, मजबुती नको का?

"पायजे तेवढी आहे न. ट्रकच्या टायरात इथल्या तेलाहून जास्त दाब राहते. तेल अडवते ते रबराची रिंग. झाकण बेतानंच कसाचं, जोर लावला का तडकते." मग त्यानं झाकण फिरवून पाहिलं. पान्यानं कोपरे खाल्लेले. "पाइप लावला का कोणी?"

मी म्हटलं, माहीत नाही.

परत येताना वैनगंगेच्या पुलाआधी गाडी बाजूला लावून बसलो. त्या पोरानं बोट फिरवलं तेव्हाच ओळखलं असणार. माझा पाना तर तिथंच अंगणात भिंतीला टेकलेला होता, पाइपासकट. होणाऱ्या सासऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतलं त्यानं. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर पोरगा फार आवडला.

११ फेब्रुवारी
रुपाला आणि मंदाबाईला सगळं सांगितलं, पाइपासकट. मंदाबाईनं डोळे पुसले, देवापाशी साखर ठेवली. बाबुलालला म्हटलं, साक्षगंधाचा दिवस काढ. रुपा उठून आत गेली. लाजली असेल.

१२ फेब्रुवारी
रुपा नाही म्हणते.

"तुमचं मन राखाले तो एवढं सहज खोटं बोलला. उद्या माह्यासंगबी तसंच बोलन त मले कसं समजन?"

दिवसभर तिला समजावत होतो. पोरगा चांगला आहे, भरोसा ठेव, म्हटलं. मी लोकांकडे पाहतो तशीच ती माझ्याकडे पाहत होती.