स्केलबेकची पायरी आणि जनतेची खुर्ची

मी, डॅरिल मॉसप, वय वर्षं सव्वीस, धंदा पडेल तो, मुक्काम सध्या विनीमावशीची मागची खोली, स्केलबेक, कंबरलँड, पूर्ण शुद्धीत, एक थेंबही न घेता आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी मी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते या लिखाणाने रद्द. गॉलवेच्या एका गुत्त्यात बिअरच्या पुठ्ठ्यावर मी माझा बँजो कोणाला तरी लिहून दिला होता, तेही रद्द. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे.

पुढच्या सोमवारपासून मी समुद्रातल्या पवनचक्क्या रंगवायच्या कामावर चाललोय. तिथला शिकवणारा म्हणाला, वर चढण्याआधी मृत्युपत्र करून ठेवा. बाकीचे हसले. मला मात्र वाटलं, बरं झालं. निदान या कागदावर तरी मला कोणी "आपण बोलू नये" असं म्हणणार नाही.

कलम एक. माझ्या मागे सगळी व्यवस्था माझी मावशी विनिफ्रेड बेन्सन हिने पाहावी. तंबू, चांगले बूट आणि वर सांगितलेला बँजो तिचाच. तिला यातलं काहीच उपयोगाचं नाही हे मला माहीत आहे. विकून टाक, मावशी. बूट विकायच्या आधी धू.

कलम दोन. शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली लाकडी पायरी ही माझी सर्वांत मौल्यवान मालमत्ता. ती मी स्केलबेक स्टेशनला देत आहे. रेल्वे कंपनीला नाही. स्टेशनला.

इथे जरा खुलासा करतो. आमचा फलाट बुटका आहे आणि गाडीचं दार उंच. हात दाखवला तरच गाडी थांबते. थांबली की गार्ड खाली उतरून दारापाशी लाकडी पायरी ठेवायचा. पूर्वापार असंच चाललं होतं. मग कंपनीतल्या कोणाला तरी प्रश्न पडला, पायरीवरून माणूस घसरला तर जबाबदारी कोणाची? म्हणून पायरीच उचलून नेली. त्यानंतर विनीमावशी पायरी नसताना उतरली, पडली आणि खुबा मोडून बसली. तिचे यजमान, विल्फकाका, पुढच्या गावच्या शुश्रूषागृहात आहेत. बस कधीच बंद पडलीय. ते रोज खिडकीत बसून नर्सला विचारतात, "विनीची गाडी चुकली का?"

मी एक पायरी बनवली. कंपनीने नेली. दुसरी बनवली, तीही नेली. शेडमधली तिसरी. सुतारकाम मी होड्यांच्या कारखान्यात शिकलो, तिथला मालक देवमाणूस, पण त्याच्या बायकोने... जाऊ दे, ते या कागदात नको.

कलम तीन. उत्तर किनारा रेल्वे प्रवासी परिषद या संस्थेला मी काहीही ठेवत नाही. रागाशिवाय. तो मात्र सगळाच्या सगळा त्यांचा.

ही परिषद प्रवाशांच्या वतीने कंपनीवर नजर ठेवते म्हणे. मावशी पडल्यावर त्यांची माणसं आली. चार मोटारींतून आली, आगगाडीने एकही नाही. फलाट मोजला, फोटो काढले, मावशीचा आल्याचा केक खाल्ला. अध्यक्ष श्री. ह्यूगो फॅनशॉ तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "बाई, आम्ही तुमचेच आहोत."

मग त्यांची "जाहीर" सभा. कुठे? हमरस्त्यालगतच्या हॉटेलात, जिथे रेल्वे जातच नाही. मी डुकरं नेणाऱ्या ट्रकमधून गेलो. भिंतीला एक रांग होती, खुर्च्यांवर पाटी: जनता. रांगेत मी एकटा. म्हणजे जनता मीच.

पायरीचा विषय येईना, म्हणून मी उठलो.

"प्रेक्षकांनी बोलायचं नसतं," फॅनशॉ म्हणाले. "प्रश्न लेखी द्यायचा असतो, मित्रा."

"दिलाय की साहेब. तुमच्या कपाखाली आहे."

त्यांनी कप उचलला. कागदावर चहाचा गोल उठला होता. "हां. हे भाग दोनमध्ये येईल."

"भाग दोन कधी?"

"जनता बाहेर गेल्यावर."

"का पण?"

"व्यापारी गोपनीयता."

माझ्या मावशीचा खुबा व्यापारी गुपित कसा काय झाला, हे मला कोणी समजावून सांगेल का? मी बाहेर व्हरांड्यात बसलो. आतून बिस्किटांच्या डब्याचा आवाज येत होता. नंतर दार उघडलं. ठरलं काय, विचारलं. एक बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नोंद घेतली." काय नोंद घेतली, बाजूने की विरोधात, कोणी हात वर केला, काहीच नाही. कंपनी म्हणते, परिषदेने आम्हाला काही कळवलं नाही. परिषद म्हणते, कळवलं की नाही हे सांगता येत नाही. त्यानंतरच्याही प्रत्येक सभेला मी हेच ऐकून आलोय. कंपनी निदान उघड उघड लबाड आहे. तुम्ही आमच्या नावाने पगार घेता आणि आमच्याच तोंडावर दार लावता!

कलम चार. माझं दहन करावं. राख साध्या बरणीत भरावी. मावशीच्या मुरंब्याची चालेल. परिषदेच्या पुढच्या सभेला ती बरणी जनतेच्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवावी. मी बोलणार नाही, टाळ्या वाजवणार नाही, बिस्किटं मागणार नाही. अशीच जनता त्यांना हवी आहे. पण "जनतेने आता बाहेर जावं" असं म्हटल्यावर माझ्या माणसांपैकी कोणीही बरणीला हात लावू नये. मला बाहेर काढायचं असेल तर श्री. फॅनशॉ यांनी स्वतःच्या हातांनी, सगळ्यांदेखत काढावं. आणि त्याची नोंद घ्यावी.

हे कलम मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर कशाला थांबतोस, गाढवा? गुरुवारी सभा आहे ना?"

कलम पाच, वरच्या सांगण्यावरून घातलेलं. कलम चार मी जिवंत असतानाही लागू राहील. येत्या गुरुवारी मी त्या खुर्चीवर बसेन आणि पायरीबद्दल काय ठरलं ते माझ्यासमोर मोठ्याने सांगेपर्यंत उठणार नाही. ताडपत्रीखालची तिसरी पायरी सोबत नेईन. मावशी येणार म्हणते. डुकरांच्या ट्रकमध्ये चढउतार करायला तिला ती लागेलच.

साक्षीदार. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून मावशी बाद. बर्नार्ड पोस्टलथ्वेट यांनी पेन घेण्याआधी विचारलं, "मला काही ठेवलंयस?" नाही म्हटलं. "बँजोसुद्धा नाही ना? देवा, तुझे उपकार. आण इकडे." आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: डॅरिल मॉसप

साक्षीदार:
१. बर्नार्ड पोस्टलथ्वेट, गुत्तेवाले, स्केलबेक
२. ग्लेनिस टायसन, रेल्वे गार्ड. (बाईंनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: गुरुवारी माझी सुट्टी आहे. मीही येते. जनतेच्या रांगेत जागा धर.)

स्थळ: विनीमावशीचं स्वयंपाकघर, स्केलबेक
दिनांक: ११ मार्च २०२४