माळावरची वाट

३ डिसेंबर २००१, सोमवार

आज पुन्हा दिसला! फाट्यावर एसटीतून उतरले, माळाला लागले, आणि डाव्या हाताला तोच. कुत्रं कुठलं, लांडगाच! मी थांबले की थांबतो, मी चालले की चालतो. शाळेपर्यंत तीन किलोमीटर जीव मुठीत धरून गेले. पोरं म्हणतात, "बाई, घाम का आला?" या थंडीत!

घरी सांगायची सोय नाही. अण्णा कुरकुंभच्या कारखान्यातून शिफ्ट करून दमून येणार, लेकीचं ऐकणार आणि म्हणणार — सोड ती नोकरी. डी.एड. करून दोन वर्षं घरी बसले होते, तेव्हा कुठं मिळालीय. मरेन पण सोडणार नाही. — लिहायला काय जातंय!

५ डिसेंबर

आज नाही दिसला. म्हणजे कुठंतरी दडून बघत असणार. जास्तच भीती वाटली.

८ डिसेंबर, शनिवार

शेवटी शाळेजवळच्या धनगरवस्तीवरच्या कुशाबाईंना सांगून टाकलं. माझ्या वर्गातल्या मल्हारची आजी. त्यांनी घरातून घोंगडं आणलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "पांघरून येत जावा बाई. त्याला वाटंल धनगर आला. धनगराला लई भितंय ते." जुनं, जड, टोचणारं. पण किती धीर आला!

१० डिसेंबर

देवा रे! आमच्या घरात कुणाला देवा म्हणायची सवय नाही, पण आज तोंडातून निघालंच. घोंगडं पांघरून निघाले तर हा पंधरा पावलांवर! नाक वर करून हुंगतोय. पळायचं नाही म्हणतात — पळाले. पडले. गुडघा फुटला, हजेरीपत्रक कुसळांत. तो तसाच उभा, जाईचना. मग मी किंचाळले. काय किंचाळले आठवत नाही.

मधल्या सुट्टीत बदलीचा अर्ज लिहिला. कारण — प्रकृती. लांडगा लिहायची लाज वाटली. संध्याकाळी यवतला शिक्षण खात्याच्या साहेबांच्या हातात देऊनच घरी आले. सुटले एकदाची!

११ डिसेंबर

ज्ञानूआबा, कुशाबाईंचे मालक, मला न्यायला फाट्यावर आले होते. घोंगडं हुंगलं आणि हसत सुटले. "आरं तिच्या! बाई, गेल्या आठवड्यात ह्याच्यातच वलं कोकरू गुंडाळलं व्हतं. त्याला वाटलं, मेंढीच चालली शाळंला!"

"आणि त्याच्या आधी? तेव्हा कुठं घोंगडं होतं?"

"तवा नुसता पोचवाय येत व्हता. वघळीत बीळ हाय, पिल्लं असत्याल. तुमी पुढं कवा जाताय ते बघतो बिचारा."

असा राग आला! वस्तीवर पोचलो तर कुशाबाई तोंडाला पदर लावून म्हणतात, "माझंच चुकलं बया." मग मलाही हसू फुटलं. हसता हसता रडले थोडी.

१७ डिसेंबर

घोंगडं परत दिलं. आबांनी सांगितलं तसं केलं — पळायचं नाही, मोठ्यानं बोलत चालायचं. काय बोलणार? एकोणतीसचा पाढा म्हटला. ओघळीपाशी तो थांबला, मी पुढं गेले. पाढा दोनदा चुकला. पण गेले. एकटी!

२८ डिसेंबर

पिल्लं दिसली! दोन. मातीच्या रंगाची, एकमेकांचे कान ओढत होती. कुणाला सांगितलं नाही, उगीच कुणी दगड घेऊन जायचं.

मल्हारनं आज अख्खं पान न अडखळता वाचलं. अर्ज मागं घ्यायला हवा. सोमवारी जातेच.

३१ डिसेंबर

साहेब रजेवर. पुढच्या सोमवारी येणार म्हणे.

४ जानेवारी २००२

जिल्ह्यावरून ऑर्डर आली. यवतच! घरापासून दहा मिनिटं. आईनं गल्लीत पेढे वाटले, अण्णा दोनदा ऑर्डर वाचून गेले. आता नको कुठल्या तोंडानं म्हणू? अर्ज माझ्याच हातचा.

वस्तीवर निरोप घेताना मल्हार म्हणाला, "नव्या बाई कवा येणार?" म्हटलं, येतील लवकर.

७ जानेवारी, सोमवार

साहेबांना विचारलं, वस्तीवर कोण जाणार? म्हणाले, "अकरा पोरांसाठी कुठली बाई देऊ? फाट्यावरच्या शाळेत नावं लावली त्यांची."

म्हणजे आज सकाळपासून ती पोरं तोच माळ तुडवत फाट्यावर येतायत. मल्हार त्यांच्यात सगळ्यात मोठा. आठ वर्षांचा.