एकाच बापाच्या गाई

काखामार्का,
सान इसिद्रोचा सण आटोपल्यावर

तीर्थरूप सेवेरिनोदादास, धाकट्या रोसेंदाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला? येत्या शनिवारी एदेल्मिराच्या लग्नाला तू तुझा तांबडा वळू कापणार असं कळलं. लेकीचं लग्न आहे, काप. मला काही मागायचं नाही, सहज लिहितेय.

सणाला आम्ही गाई नटवून देवळापुढे नेल्या. पाद्र्याने तीर्थ शिंपडलं, तेवढ्यात कुण्या गाढवाने फटाके लावले (माझाच नवरा, म्हणून नाव लिहीत नाही) आणि गाई उधळल्या. फुलं, रिबिनी सगळं गळून पडलं. मी आपली गाय गोलोंद्रिना धरून घरी आणली, दोन दिवस धार काढली. मग शेजारची सोइला दारात उभी. "रोसेंदा, डोळे आहेत की बटणं? माझी गाय पिळतेस?" मी म्हटलं, "आणि तू कुणाची पिळत होतीस, भवाने?" मग गाईंची अदलाबदल केली. अख्ख्या खोऱ्यात हाच घोळ. तेच काळे-पांढरे ठिपके, तेच नाक, तीच कास.

गाई भरवायला वळूच्या गोठवलेल्या बीजाच्या कांड्या घेऊन येतो तो रेमिहिओ हसायला लागला. "मावशी, वेगळ्या दिसतील कशा? साऱ्या एकाच वळूच्या लेकी. परदेशातला एक नंबर, दुधाचा धबधबा." मग या लेकींना कांडी कुणाची देतोस, विचारलं. म्हणे, त्याच्याच मुलाची. (आपल्यात चुलतभावाशी लग्न म्हटलं तरी पाद्री आजीपर्यंत चौकशी करतो. इथे सावत्र भाऊ-बहिणींची लग्नं लावतात आणि वर पैसे घेतात.)

गोलोंद्रिनाचं पहिलं वासरू मेलेलंच आलं. दुसरं उभंच राहिलं नाही. ती त्याला चाटत राहिली, गार झालं तरी. अजून त्या कोपऱ्याकडे बघते. नवरा म्हणतो, यंदाही असंच झालं तर खाटकाला. मी त्याच्यापुढे ताट आपटते.

वेगळा वळू आणायचा कुठून? खोऱ्यातले जुने वळू आम्ही कधीच विकून खाल्ले. तुझा तेवढा उरलाय. कुरूप आहे, केसाळ आहे, शिंग वाकडं. पण डोंगरावरच्या गारठ्यात वाळलेल्या काड्या खाऊन जगतो, आणि इथल्या एकाही गाईचा तो कुणी लागत नाही.

सगळ्यांना यथायोग्य.

तुझी रोसेंदा

ता. क. वळू कापू नकोस. लग्नाला माझं डुक्कर आणि चुलीमागचे सगळे गिनीपिग घेऊन येते. रस्साही मीच करीन, वहिनीचा पाणचट होतो.

आणखी एक. गोलोंद्रिना आज पहाटे माजावर आली. माज काही तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही. हे पत्र देणाऱ्या दूधगाडीवाल्या विल्मेरच्या दुसऱ्या हातात तिचा दोर आहे. त्याला जेवायला नंतर वाढ, आधी फाटक उघड.