एक्स-रेत न दिसणारा स्क्रू

औरंगाबाद,
११ ऑक्टोबर २००४

प्रिय अक्का,

हे पत्र आधी तू एकटी वाच. मग वाटलं तर दाजींना वाचून दाखव. तीन दिवस झाले, कागद काढते आणि परत ठेवते. तुमच्या शेजारच्या फोनवर हे बोलता येण्यासारखं नाही, सगळी गल्ली ऐकते.

हाडांच्या दवाखान्यात पेशंटांच्या नोंदी ठेवायचं माझं काम चांगलं चाललंय, असं मी सगळ्यांना सांगते. पुढच्या महिन्यात पुण्याला डॉक्टरांची परिषद आहे, तिथे आमचे डॉक्टर सर नव्या स्क्रूच्या बावीस पेशंटांची माहिती मांडणार आहेत. तक्ते सगळे मी केलेत. आईने तेवढ्यावर गावी धावड्यात पेढे वाटले. तिला वाटतं, घरातली पहिली बी.एस्सी. झालेली पोरगी आता डॉक्टरांना शिकवते. मला ते पेढे आठवले तरी कसंतरी होतं.

गेल्या वर्षीचं तुला आठवत असेलच. दाजी कंपनीत बियाण्याची पोती उतरवताना टेम्पोच्या फळीवरून घसरले आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. सरांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. नवं लिगामेंट हाडात धरून ठेवायला स्टीलचा स्क्रू आहे, तो जुना आणि खात्रीचा. आणि हा दुसरा, काम झालं की शरीरातच विरघळणारा, पण त्याचा अभ्यास अजून चालू आहे. तू दाजींकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस. मी एकदम म्हणाले, नवाच घ्या. खडीसाखरेसारखा विरघळतो, आयुष्यभर अंगात लोखंड नको. मला खरंच वाटत होतं की जे नवीन निघतं ते शेवटी आपल्या माणसांपर्यंत येतं, आणि या वेळी ते सगळ्यांच्या आधी यावं. दाजी म्हणाले, “मंग गुडघा गोड होईन का, डाक्टरीणबाई? मुंग्या लागतीन न्हाई तर.” आपण तिघंही हसलो, आणि त्यांनी सही केली.

हा स्क्रू एक्स-रेत दिसत नाही, अक्का. फोटोत हाड दिसतं, स्क्रूची जागा रिकामी. म्हणून दर तीन महिन्यांनी पेशंटला समोर बसवून विचारायचं आणि गुडघा हाताने पाहायचा, असा नियम आहे. ऑगस्टमध्ये मी सरांना म्हणाले, दाजींचा रोज बुडायला नको, मी जालन्याला जातेच आहे, कागद भरून आणते. सरांनी विश्वासाने दिला.

तुझ्या घरी मी दाजींना विचारलं, दुखतं का? ते म्हणाले, “बिलकुल न्हाई. उद्या भोकरदनपर्यंत पळत जाऊ का?” मी हसले आणि शून्य लिहिलं. पुढचा रकाना सुजेचा. मेव्हणीपुढे दाजी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेणार नाहीत, आणि मीही तसं म्हणू शकले नाही. बघायचं होतं तर शेजारच्या भुजंगला बोलावता आलं असतं, तो कंपाउंडर आहे. मी न बघताच लिहिलं, सूज नाही.

हे नुसत्या लाजेपोटी झालं असतं तर एवढं लागलं नसतं. पण मे महिन्यात आसराबाईच्या लग्नात मी पाहिलं होतं. सगळे पुरुष पंगतीत मांडी घालून बसले आणि दाजी मंडपाच्या खांबाला टेकून उभ्याने जेवले. कोणी विचारलं तर म्हणाले, “आमचं आता सायबाचं काम हाये, खाली बसणं जमत न्हाई.” लोक हसले. मला कळलं होतं, आणि मी ताट घेऊन दुसरीकडे गेले.

शनिवारी परतूरच्या एक बाई आल्या. त्यांनाही तोच स्क्रू, गुडघा टम्म सुजलेला. आत पाणी धरलंय आणि स्क्रूभोवतीचं हाड पोखरायला लागलंय. सरांनी माझा तक्ता काढला, दाजींच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बाकी एकवीस जण ठीक आहेत, म्हणजे हा एखादाच.” मी त्यांच्या शेजारी उभी होते. तक्ता घडी करून परत फाइलीत ठेवला.

उद्या सकाळी पत्र पेटीत टाकून मी सरांकडे जाणार आहे आणि सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल किंवा राहील. तू गुरुवारी दाजींना घेऊन ये, अजिबात टाळू नकोस. लवकर साफ केलं तर गुडघा वाचतो, असं सर त्या बाईंना सांगत होते. तपासताना मी खोलीत थांबणार नाही. पण तू थांब, अक्का. ते हसण्यावारी नेतील, तेव्हा तू बोल. त्या दिवशी तू चुलीपुढे होतीस, हातभर अंतरावर, आणि मी तुला काही विचारलं नाही. तू खरं सांगितलं असतंस, हे मला माहीत होतं, म्हणूनच.

तुझीच, तोंड दाखवायला लाजणारी,
इंद्रायणी