परिक्रमेच्या पिशवीतली गाळणी

ता. २ नोव्हेंबर
पाण्यावर बोललं की आमचं भांडण होतं, म्हणून लिहायला घेतलं. गेल्या पावसाळ्यात यांना कावीळ झाली. महिनाभर पिंपरीला दवाखाना. लिव्हरला पुन्हा असा धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. आता हे नर्मदा परिक्रमेला निघालेत. पायी, चार-पाच महिने. जाऊ नका म्हणणार नाही. जन्मभर कंपनीची मशिनं सांभाळली, स्वतःसाठी मागितलेलं हे पहिलंच. पण पाण्याचं मी बघणार.

ता. ४
पिंपरी कॅम्प. ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान. पिशवीत पाणी भरायचं, तोंडाला गाळणी लावायची, पिळायचं.
"मावशी, याच्यातून गटाराचं पण पाणी प्या."
म्हटलं, आधी तू पी. दुकानातला पोरगा हसला. प्यायला नाही.
काविळीचा विषाणू अडतो का? "नाइन्टी नाइन परसेंट, मावशी." उरलेला एक टक्का कोणता, ते त्याला माहीत नाही. घेतली नाही. डब्यावरच्या बारीक अक्षरांचा फोटो तेवढा काढला.

ता. ५
फोटो भिंगाखाली वाचला. बॅक्टेरिया लिहिलंय, व्हायरस कुठेही नाही. चाकणच्या कारखान्यात आलेला माल तपासण्यात माझी सारी नोकरी सरली. कागदावर नाही ते मालात नाही. म्हणजे यांच्या आजाराला नुसती गाळणी पुरणार नाही.
प्रकाशाने जंतू मारणारं पेन: गढूळ पाण्यात चालत नाही, चार्जिंग लागतं. वाटेत वीज असेल, नसेल. बाद.
रोज उकळणं: हे करणार नाहीत. बाद.
शेवटी: आधी गाळणी, मग विषाणूसाठी क्लोरीनची गोळी, मग अर्धा तास थांबायचं. थांबणं यांच्या स्वभावात नाही, पण...

ता. ८
गाळणी आणली. कुंडीतली माती कालवून गाळून पाहिलं. पाणी स्वच्छ.
तेवढ्यात बबनराव आले. यांच्या गावचे, परिक्रमा केलेले.
"वैनी, मैयाचं पानी गाळून प्यायचं व्हय? आमी वंजळीनं पीत गेलो. काय बी झालं न्हाई."
यांना तेवढंच हवं होतं. "ऐक. आईच्या हातचं कुणी तपासून खातं का?"
दोघांना चहा दिला. चांगला उकळलेला.

ता. ९
उत्तर आज जेवताना दिलं.
म्हटलं, तुमच्या आईंना दिसेनासं झालं तरी तांदूळ त्याच निवडायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या आडव्या झाल्या की मी ते परत निवडायचे. शेवटपर्यंत. त्यांचा मान त्याने कमी झाला नाही.
यांचा हात थांबला. "तिला म्हाईत व्हतं?" एरवी शहरी बोलतात. आईचा विषय निघाला की गावचं येतं.
"नाही."
भात चिवडत, "खडे निघायचे?"
"रोज."
पानातला भात संपवला.

ता. १२
गाळणी उलटी धुवायची कशी ते दाखवायला गेले. यांनी पिचकारी माझ्या हातातून घेतली आणि माझ्यापेक्षा नीट केलं. मशीनचा माणूस. गोळी टाकलेलं पाणी मात्र हुंगून खाली ठेवलं.
"दवाखान्याचा वास येतोय."
"दवाखान्यात जाण्यापेक्षा बरा."
हे घोटभर प्यायले. अर्धा तास झाला नव्हता. मी ओरडले.

ता. १४
आज निघाले. बबनराव सोबत स्टेशनपर्यंत.
यांच्या हाती दिलं: गाळणी, पिळायच्या दोन पिशव्या, पिचकारी, गोळ्यांची पाकिटं. सगळं जुन्या टॉवेलच्या फडक्यात. "बरं," म्हणाले आणि सॅकच्या तळाशी घातलं, स्वेटरखाली. मी बघत होते.
रिक्षा आल्यावर यांनी खाली वाकून सॅक उघडली. बबनराव म्हणाले, "आता काय ऱ्हायलं?" यांनी फडकं वर काढलं आणि मैयाचं पाणी भरायला घेतलेल्या कुपीशेजारी ठेवलं. वापरतील की नुसतं शेजारी ठेवतील, सांगता येत नाही.
मला दिलं: कपाटाची किल्ली आणि गाळणीचा रिकामा डबा.